अधिपरिचारिका ते अधिसेविका: नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी मार्गदर्शन

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगभरातील आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरिष्ठ निर्णयपदांवर त्यांचे प्रमाण जेमतेम २५ टक्के आहे. परिचारिकांपुरते पाहिले तर स्त्रियांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाते. रुग्णाच्या उशाशी चोवीस तास उभ्या असणाऱ्या या वर्गाचे म्हणणे रुग्णालयाच्या बैठकीत क्वचितच ऐकू येते, याचे मला मनापासून वाईट वाटते. नव्याने नोकरीला लागलेल्या परिचारिकेने पहिल्या दिवसापासून काय केले म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी ती त्या बैठकीत तयारीनिशी बसू शकेल, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

आधी वाट कशी आहे ते पाहू. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून रुजू झालेली परिचारिका पुढे परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका या पदांवर जाते. रोजच्या बोलण्यात आपण त्यांना स्टाफ नर्स, इन्चार्ज सिस्टर, असिस्टंट मेट्रन आणि मेट्रन म्हणतो. शिकवण्याच्या बाजूने गेल्यास पाठ्यनिर्देशिकेपासून प्राचार्यापर्यंत जाता येते, तर सार्वजनिक आरोग्याच्या बाजूची पदे वेगळी आहेत. खासगी रुग्णालयांत टीम लीडर, वॉर्ड इन्चार्ज, सुपरवायझर, नर्सिंग सुपरिंटेंडंट आणि सर्वांत वर चीफ नर्सिंग ऑफिसर अशी चढण असते. शासकीय सेवेत ज्येष्ठता आणि रिक्त जागा यांवर पदोन्नती अवलंबून असते, तर खासगी रुग्णालयात शिक्षण, कामाची गुणवत्ता आणि मुलाखत यांना अधिक वजन असते. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: जिची नोंद चोख, तिचे म्हणणे टिकते.

पहिली पायरी: ओव्हर आणि नोंद

पहिली दोन वर्षे शक्यतो मेडिसिन किंवा सर्जरीच्या जनरल वॉर्डात काढावीत. अतिदक्षता विभागाचे आकर्षण नव्या मुलींना असते आणि ते स्वाभाविकही आहे, परंतु एकाच वेळी पंधरा-वीस रुग्णांकडे लक्ष ठेवून कोणाकडे आधी धावायचे हे ठरवण्याची सवय जनरल वॉर्डातच लागते, आणि पुढे इन्चार्ज झाल्यावर हीच सवय कामाला येते.

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्या परिचारिकेकडे सोपवणे, टेबलाशी बसून देऊ-घेऊ नये. दोघी परिचारिकांनी प्रत्येक खाटेपाशी जावे, रुग्णाला नावाने हाक मारावी, सलाइनची बाटली किती उरली आहे आणि सुई टोचलेली जागा सुजली आहे का ते पाहावे, लघवीच्या पिशवीतील आकडा स्वतः वाचावा, ड्रेसिंग ओले आहे का ते पांघरूण बाजूला करून बघावे आणि मग पुढच्या खाटेकडे जावे. यात दहा-पंधरा मिनिटे जास्त जातात. ती वाचवल्यामुळे होणारे नुकसान मात्र पुढची पाळी आणि तो रुग्ण भोगतात.

नोंदीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर, औषधे दिली’ असे वाक्य लिहिले असेल तर त्यातून कोणालाही काहीच कळत नाही. ‘सकाळी १० वाजता रुग्णाने पोटात दुखत असल्याचे सांगितले, वेदना दहापैकी सात, नाडी १०४, रक्तदाब १३०/८०, १०.१० वाजता डॉक्टरांना कळवले, सांगितलेले इंजेक्शन १०.२० वाजता दिले. ११ वाजता वेदना दहापैकी तीन’ असे लिहिले तर रुग्णाची अवस्था, तुमची कृती आणि तिचा परिणाम हे तिन्ही एका ठिकाणी येतात. चौकशी, न्यायालय किंवा मानांकनाची तपासणी यांपैकी कोणताही प्रसंग आला तर तुमच्या बाजूने हाच कागद बोलतो. दिलेल्या औषधाची सही आधी करून औषध नंतर देणे आणि चार तासांचे तापमान एकाच बैठकीत भरून टाकणे या दोन सवयी आजूबाजूला कितीही रुळलेल्या दिसल्या तरी स्वतःला लावून घेऊ नयेत.

दुसरी पायरी: स्वतःची कागदपत्रे

महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी निरंतर परिचर्या शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. नूतनीकरणाची तारीख तोंडावर आल्यावर कार्यशाळा शोधत धावण्यापेक्षा दरवर्षी थोडे थोडे गुण मिळवावेत आणि प्रमाणपत्रे एकाच फाइलमध्ये ठेवावीत. राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असल्याने नोंदणीच्या पद्धतीविषयी परिषदेच्या सूचना वेळोवेळी वाचत राहाव्यात.

शासकीय सेवेत असाल तर सेवापुस्तकातील नोंदी, विशेषतः रजा, वेतननिश्चिती आणि स्थायित्वाच्या नोंदी, वर्षातून एकदा पाहून घ्याव्यात. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध होते तेव्हा आपले नाव, जन्मतारीख आणि रुजू झाल्याची तारीख बरोबर आहे का हे तपासावे आणि चूक असेल तर दिलेल्या मुदतीत लेखी आक्षेप नोंदवून त्याची पोच घ्यावी. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा आला तर गप्प बसू नये; त्यावर म्हणणे मांडता येते आणि ते मांडलेच पाहिजे. खासगी नोकरी सोडताना अनुभव प्रमाणपत्रात केवळ कालावधी न लिहून घेता कोणत्या विभागात आणि कोणत्या जबाबदारीवर काम केले याचा उल्लेख करून घ्यावा.

तिसरी पायरी: पुढचे शिक्षण निवडणे

जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही पदविका झालेल्यांना पोस्ट बेसिक बीएस्सी हा २ वर्षांचा अभ्यासक्रम खुला असतो आणि पदवीनंतर २ वर्षांचे एमएस्सी नर्सिंग करता येते. राज्यात हे अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत चालतात. अतिदक्षता, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह अशा विषयांतील १ वर्षाच्या पदविकाही आहेत, आणि ज्यांना रुग्णाजवळच राहून अधिक अधिकाराने काम करायचे आहे त्यांच्यासाठी क्रिटिकल केअरमधील नर्स प्रॅक्टिशनरचा २ वर्षांचा निवासी अभ्यासक्रम आहे. प्राथमिक आरोग्याची ओढ असलेल्यांनी समुदाय आरोग्य अधिकारी या पदाचा विचार जरूर करावा, कारण उपकेंद्रावरील त्या पदावर पंचवीस-तीस वर्षांच्या मुलीला गावाच्या आरोग्याचे निर्णय स्वतः घ्यावे लागतात आणि इतक्या लवकर अशी संधी रुग्णालयात सहसा मिळत नाही.

माझे स्पष्ट मत असे आहे की नोंदणी हातात पडताच, वॉर्डात पाय न रोवता एमएस्सीच्या मागे लागू नये. तीन-चार वर्षे काम केलेल्या मुलीला आपल्याला शिकवायला आवडते, प्रशासन जमते की रुग्णसेवाच प्रिय आहे हे उमगलेले असते, आणि तिने निवडलेला विषय तिला पुढे तारतो.

चौथी पायरी: पाळीची जबाबदारी

पद मिळण्याच्या कितीतरी आधी नेतृत्वाची वेळ येते, आणि ती बहुधा रात्रपाळीत येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयावर हल्ला झाला तेव्हा प्रसूतिपूर्व कक्षात ड्युटीवर असलेल्या अंजली कुलथे या स्टाफ नर्स होत्या. त्यांनी दारे बंद करून कक्षातील २० गर्भवती स्त्रियांना पॅन्ट्रीच्या खोलीत हलवले आणि कळा सुरू झालेल्या एका बाईला त्याही स्थितीत प्रसूतिकक्षात पोहोचवले. पुढे त्यांनी खटल्यात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव मांडला. त्या रात्री वरिष्ठांना विचारायला सवड नव्हती. आपल्या कक्षात किती रुग्ण आहेत, त्यांपैकी कोण चालू शकते आणि कोणती खोली सुरक्षित आहे हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून पाळी सुरू होताच काही गोष्टी न चुकता कराव्यात: रुग्णसंख्या मोजावी, गंभीर रुग्ण कोणत्या खाटांवर आहेत ते लक्षात घ्यावे, ऑक्सिजन आणि सक्शन चालू करून पाहावे, आणीबाणीच्या ट्रॉलीतील औषधे मुदतीसह तपासावीत आणि बाहेर पडण्याचा दरवाजा कुलूपबंद नाही याची खात्री करावी.

डॉक्टरांना फोन कसा करावा हे कोणी शिकवत नाही, त्यामुळे नव्या मुली ‘सर, पेशंटला बरं वाटत नाहीये’ एवढेच सांगतात आणि पलीकडून ‘बघतो’ असे उत्तर येते. त्याऐवजी पुढीलप्रमाणे बोलावे. ‘सर, सर्जरी वॉर्डातून स्टाफ नर्स बोलते आहे. खाट क्रमांक १२, वय ५५, काल आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तासाभरात नाडी ९० वरून १२४ वर गेली, रक्तदाब ९०/६० आहे, दोन तासांत लघवी फक्त २० मिली झाली आणि पोट ताठर लागते आहे. आतून रक्तस्राव होत असावा अशी शंका आहे. आपण आत्ताच येऊन पाहावे. तोवर रक्ताचा नमुना पाठवू का?’ आपण कोण, रुग्ण कोण, काय बदलले, काय वाटते आणि काय हवे आहे या क्रमाने बोलले की पलीकडच्या माणसाला अंथरुणातून उठावेच लागते. तरीही कोणी आले नाही तर वेळ नोंदवून त्यांच्या वरिष्ठांना कळवावे. यात कोणाची चुगली होत नाही. रुग्णाच्या वतीने बोलणे हे आपले कामच आहे.

पाचवी पायरी: ड्युटी लावणे

इन्चार्जची खरी कसोटी ड्युटीच्या तक्त्यात लागते. गौरी-गणपती, दिवाळी आणि मे महिना या काळात सर्वांनाच रजा हवी असते, म्हणून या दिवसांच्या रजांचे अर्ज दोन महिने आधी मागवावेत आणि गेल्या वर्षी कोणी कोणत्या सणाला ड्युटी केली याची वही ठेवावी. अशी वही असली की ‘सिस्टर, मलाच का?’ या प्रश्नाला आवाज न चढवता उत्तर देता येते. सलग रात्रपाळ्यांनंतर ऑफ द्यावा आणि तो ऐनवेळी काढून घेऊ नये. प्रत्येक पाळीत एक अनुभवी आणि एक नवी अशी जोडी लावावी. अंगावर बाळ असलेली, आजारी सासूची सेवा करणारी किंवा परीक्षेला बसलेली परिचारिका यांना सवलत जरूर द्यावी, मात्र ती किती काळासाठी आहे हे सर्वांसमोर ठरवावे. सवलत अशी उघडपणे दिली की तिचा सहसा कोणाला राग येत नाही; गुपचूप दिलेल्या सवलतीने वॉर्डात गट पडतात.

कालपर्यंत बरोबरीने डबा खाल्लेल्या मैत्रिणीला आज काम सांगायचे असते, हा भाग सर्वांनाच अवघड जातो. चूक सांगायची असेल तर ती एकटीला बाजूला घेऊन, घडलेल्या एका प्रसंगापुरती सांगावी. रुग्णांपुढे किंवा डॉक्टरांच्या राउंडमध्ये कधीही सांगू नये. डबा मात्र पूर्वीसारखाच एकत्र खावा. वॉर्डातील मावशी आणि मामा यांच्याशी आदराने बोलावे आणि त्यांना काम ठरवून द्यावे. कोणता रुग्ण दोन दिवस जेवला नाही, कोणाचे नातेवाईक चिडलेले आहेत, हे बहुधा त्यांनाच सर्वांत आधी कळते. औषधाची चूक झाली तर ती लपवली जाणार नाही असे वातावरण ठेवणे हे इन्चार्जच्या हातात असते. जी मुलगी स्वतःहून येऊन ‘माझ्याकडून चुकीचा डोस गेला’ असे सांगते, तिला आधी रुग्णाकडे न्यावे, डॉक्टरांना कळवावे, घटना-अहवाल भरावा, आणि ती चूक कशामुळे घडली, सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी होत्या का, ती सलग दुसरी पाळी करत होती का, हे शोधावे.

सहावी पायरी: मागणी आकड्यांत मांडणे

फ्लोरेन्स नाइटिंगेल यांना आपण हातात दिवा घेतलेल्या परिचारिकेच्या रूपात ओळखतो, परंतु क्रिमियाच्या युद्धातील सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरण पावले हे त्यांनी मृत्यूंच्या आकडेवारीतून आणि १८५८ मधील आकृत्यांतून सरकारला दाखवून दिले, आणि त्यामुळेच लष्करी रुग्णालयांच्या सुधारणेला बळ मिळाले. परिचर्येच्या नेतृत्वाने त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट हीच आहे.

मनुष्यबळाचे उदाहरण घेऊ. ‘स्टाफ कमी असल्याने काम होत नाही, कृपया स्टाफ द्यावा’ असा अर्ज फाइलमध्ये पडून राहतो. समजा, तुमचा वॉर्ड वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील ३० खाटांचा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अशा रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी, म्हणजे १० परिचारिका, आणि रजेसाठी ३० टक्के राखीव धरून १३. येथे एक घोटाळा नेहमी होतो: हे प्रमाण एकूण नेमणुकांचे आहे, प्रत्येक पाळीचे नाही, पाळीचा हिशेब केला तर ते ९ रुग्णांमागे १ असे येते. अर्जात मंजूर खाटा, मागील तीन महिन्यांची सरासरी रुग्णसंख्या, प्रत्यक्ष नेमणुका, रात्रपाळीतील संख्या आणि त्याच काळातील रुग्ण पडण्याच्या घटना, शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) व औषधांच्या चुका हे सर्व एका पानात मांडावे आणि शेवटी नेमक्या किती परिचारिका हव्यात ते लिहावे. अधीक्षकांना वर पाठवण्यासाठी असाच कागद लागतो, आणि त्यांना तो तयार मिळाला की ते बहुधा तोच पुढे पाठवतात.

पगाराविषयीही आकड्यांतच बोलावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी शिफारशी केल्या आहेत: २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात ते १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे आणि त्याहून लहान ठिकाणीही दरमहा २० हजार रुपयांहून कमी नसावे. मुलाखतीला जाण्यापूर्वी त्या रुग्णालयाच्या खाटा किती हे विचारून घ्यावे.

सातवी पायरी: आपल्या माणसांचे संरक्षण

नोव्हेंबर १९७३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयाच्याच आवारात अत्याचार झाला आणि त्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू होईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेची प्रशंसा केली. आपल्या व्यवसायाचा मोठेपणा आणि त्याची असुरक्षितता या एकाच घटनेत दिसते, म्हणून प्रत्येक इन्चार्जने ती लक्षात ठेवून आपल्या विभागातील कपडे बदलण्याची खोली, तिचे कुलूप, मागचा जिना, बंद पडलेले दिवे आणि रात्री घरी जाण्याची सोय स्वतः फिरून पाहावी व उणिवा लेखी कळवाव्यात.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारीच असते आणि तक्रार सर्वसाधारणपणे ३ महिन्यांच्या आत करायची असते. नातेवाइकांनी मारहाण किंवा मोडतोड केल्यास महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवाव्यक्तींच्या संरक्षणाचा कायदा परिचारिकांनाही लागू होतो. अशा वेळी तक्रार मार खाल्लेल्या मुलीवर सोडून न देता संस्थेने करावी असा आग्रह इन्चार्जने धरावा.

आठवी पायरी: घर, बदली आणि मधली मंद वर्षे

रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने स्त्रियांना, विशेषतः विधवांना, परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले तेव्हा त्या मुलींना घरातून आणि समाजातून बोल ऐकावे लागत होते. आज विरोध वेगळ्या रूपात येतो: पदोन्नती होते, पण ती बदलीसह येते आणि घरी मुलाची दहावी असते. २६ आठवड्यांची प्रसूती रजा हा हक्क आहे आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी लागते; दोन्हींची मागणी संकोच न करता करावी. पदोन्नती नाकारण्याची वेळ आली तर ज्येष्ठतेवर आणि पुढच्या संधीवर काय परिणाम होईल हे आस्थापना शाखेकडून लेखी विचारून घ्यावे आणि मगच सही करावी. घरी रात्रीतून निर्णय होतो आणि सकाळी नकार लिहून दिला जातो, असे फार चांगल्या परिचारिकांच्या बाबतीत घडते. मुले लहान असतानाच्या वर्षांत वेग मंदावला तरी नूतनीकरणाचे गुण, वर्षातून एक कार्यशाळा आणि ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या १९०८ पासूनच्या संघटनेचे किंवा राज्यातील परिचारिका संघटनेचे सदस्यत्व चालू ठेवावे. वरिष्ठांपैकी दोघींशी तरी असा परिचय ठेवावा की त्यांना फोन करून ‘बाई, अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?’ असे विचारता येईल. त्यांतली एक आपल्या रुग्णालयाबाहेरची असलेली बरी.

नववी पायरी: पदभाराचा पहिला महिना

परिसेविकेचा पदभार घेताना स्टॉक रजिस्टर, डेड स्टॉक (टिकाऊ सामान), लिनन आणि मादक औषधांचे रजिस्टर प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून पाहावे. तूट असेल तर ती पदभाराच्या यादीतच दोघींच्या सहीने नोंदवावी, कारण ‘नंतर बघू’ म्हणून घेतलेली तूट निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्राच्या आड येते. पहिले दोन आठवडे जुनी पद्धत बदलू नये, तिन्ही पाळ्यांत एकेकदा स्वतः उपस्थित राहून ओव्हर ऐकावे आणि प्रत्येक परिचारिकेशी दहा मिनिटे बोलून तिला कामात नेमका कशाचा त्रास होतो ते विचारावे. तिसऱ्या आठवड्यात त्यांपैकी सर्वांनी सांगितलेली आणि आपल्या अधिकारात असलेली एखादीच अडचण निवडून ती सोडवावी. नादुरुस्त सक्शन मशीन किंवा कायम उशिरा येणारे इंडेंट (भांडाराकडे मागवलेले सामान) अशी ती असू शकते. महिन्याअखेरीस आपल्या गैरहजेरीत वॉर्ड सांभाळू शकेल अशी एक परिचारिका हेरावी, ड्युटीचा पुढचा तक्ता तिला शेजारी बसवून करावा आणि रजेवर जाताना पदभार तिच्याकडे लेखी आदेशाने सोपवावा, म्हणजे तो अनुभव तिच्याही सेवापुस्तकात नोंदवता येईल.